पहिल्या नंबराचा हक्क

हसायचं असंल तर आधी कपातला चहा संपवा. मागच्या डाव हे सांगत होतो तर शेजाऱ्याच्या नाकातून चहा आला, आन त्याच्या बायकोनं दोष मला लावला! आन एक सांगतो, मधी कुणी 'जाऊ द्या, जुनी गोष्ट हाय' असं म्हणायचं न्हाई. जुनी असंल तुमच्यासाठी. माझं डोकं अजूनबी तापतंय.

निजामाचं राज्य होतं तवाची गोष्ट. मी जिंतूरच्या तहसील कचेरीत मराठी कारकून. गावोगावच्या पटवाऱ्यांचे कागद मराठीत यायचे, ते तपासायचे, जुळवायचे आन पुढं उर्दूवाल्यांच्या हवाली करायचे, हे माझं काम. एका खोलीत आमी पाच कारकून. पाचात सगळ्यात जुना मी. अकरा वर्षं!

आन सगळ्यात नवा दिगंबर. दोन वर्षं झालती त्याला येऊन. पोरगं गोड बोलायचं, "काका, काका" करायचं. पण काम? अहो, त्याच्या मेजावर मिसलींचा, म्हणजे फायलींचा, ढीग एवढा की त्यामागं तो जागा हाय का झोपलाय ते कळायचं न्हाई. माझं मेज मात्र लख्ख साफ. आजचा कागद आज. उद्यावर मी जन्मात काही टाकलं न्हाई.

मग मला इनाम काय? तर दिगंबरच्या ढिगातली वरची चळत उचलायची आन माझ्या मेजावर आणून ठेवायची! तहसीलदारसाहेब जाता जाता म्हणायचे, "माणिकराव, ये भी आप ही देख लीजिए." ये भी! अकरा वर्षांत हे 'ये भी' किती डाव ऐकलं असंल मी? चालत्या बैलाला पराणी आन बसल्या बैलाला पेंड, हा न्याय हाय का? तुमीच सांगा. न्हाई, चहा ठेवा खाली, आधी सांगा!

बरं, एवढं सोसत होतो कशापायी? बोरीपायी. घर बोरीत, शेत बोरीत, बायको आन दोन पोरी बोरीत, आन मी जिंतूरला एका खोलीत सकाळ-संध्याकाळ आपल्याच हातचं पिठलं खायलोय. महिन्या-दोन महिन्यानं घरी जायचो. एकदा धाकटी पोरगी मला दारात बघून आत पळाली आन ओरडली, "माय, पाव्हणे आलेत!" पाव्हणे! सख्ख्या बापाला! त्या दिवशी मी भरल्या ताटावरून उठलो. ठरवलं, काही झालं तरी बदली बोरीला घ्यायची.

आन तशी जागा निघाली. बोरीचे गिरदावर पेन्शनीत गेले. गिरदावर म्हणजे आसपासच्या पटवाऱ्यांवरचा साहेब. बसायला घोडी, मागं चपराशी, आन राहणं बोरीतच. जागा माझीच होती हो! नोकरी जुनी कुणाची? माझी. बोरीचा बांध न् बांध ठाऊक कुणाला? मला. बायकोनं निरोप धाडला, "भिंती पोतारून घेऊ का?" मी कळवलं, "घे."

अशात एका बाजाराच्या दिवशी कचेरीच्या भिंतीवर यादी लागली.

आता इथं एक कबूल करतो, बाहेर कुणाला सांगू नका. छापलेलं उर्दू मला यायचं, एकेक अक्षर बोटाखाली दाबत. पण आमचे पेशकार हमीदमियाँ, साहेबाच्या उजव्या हाताला बसायचे, ते लिहायचे शिकस्त्यात. शिकस्ता म्हणजे घाईचं उर्दू. नुक्ते, म्हणजे टिंबं, गायब, अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडलेली. कागदावर मुंगळे सुटल्यावानी दिसायचं. आन अकरा वर्षं मला ते वाचता येतंय असं मी दाखवलं! कागद हातात घ्यायचा, लांब धरायचा, भुवया चढवायच्या आन "हं..." म्हणायचं. गप उभं राहायचं. मग कुणीतरी बोलतंच, "बघा ना, साहेबानं बी कमालच केली." झालं, आत काय लिहिलंय ते कळालं. अकरा वर्षं नोकरी या एका 'हं'वर काढली मी. नावं तेवढी ओळखू यायची, रोज बघून बघून.

तर यादीपुढं गेलो. "हं..." केलं. वर दोन ओळी मुंगळे, आन खाली आमची पाचांची नावं. पहिलं नाव कुणाचं? दिगंबर! आन माझं? पाचवं! सगळ्यांच्या खाली!

शेजारी चपराशी गफूरभाई उभा होता. त्याला वाचायचं कायबी येत नव्हतं, पण कान लय तिखट. हळूच म्हणला, "सुने क्या, माणिकराव? पहले नंबरवाले कू परभणी बुलाए. तालुकदारसाब खुद बात करते बोले."

तालुकदार म्हणजे त्या वक्ताचा कलेक्टर! पहिल्या नंबरवाल्याला कलेक्टर बोलावतो ते कशाला? आणिक कशाला! गिरदावरीचा हुकूम द्यायला! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तडक दिगंबरच्या ढिगापुढं जाऊन उभा राहिलो.

"दिग्या, लाज वाटती का काही?"

त्यानं मान खाली घातली. "वाटती की, काका. सकाळपासून घास उतरंना."

"मग यादीत पहिला नंबर कसा काय?"

"साहेबानंच लावलाय. मी काय करू? चुकलंच माझं."

"चुकलं म्हणे! अरे, दोन वर्षं झाली तुला येऊन. दोन वर्षांत पहिला नंबर? आन मी अकरा वर्षं इथं काय गोवऱ्या थापायलोय?"

त्यानं मान वर केली. "पण काका, तुमचं मेज तर साफ हाय."

"साफ हाय म्हणूनच! पहिल्या नंबरावर हक्क माझा हाय. मी अर्जी करणार. तुझं नाव खाली आन माझं वर."

"म्हणजे... माझ्या जागी तुमी परभणीला जायलाव?"

"जायलोय! आन छाती काढून जायलोय!"

पोराचे डोळे भरून आले. वाकलं आन माझे पायच धरले. "काका, आत्ताच लग्न झालंय माझं. सासऱ्याला कळालं असतं तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. जन्मभर उपकार विसरणार न्हाई."

आता यात सासरा कुठून आला, हे मला कळायला नको? पण रागातला माणूस अर्धंच ऐकतो. मी मनात म्हणलं, भ्यालं बघा! हक्काचं नाव काढलं की अशी टरकती यांची.

कचेरीबाहेर लिंबाखाली अर्जीनवीस बसायचा, लोकांच्या अर्ज्या लिहून द्यायचा. त्याच्यापुढं मांडी ठोकली. म्हणलं, मी मराठीत सांगतो, तू उर्दूत लिही, आन एक शब्द बी मऊ करायचा न्हाई. अर्जीत 'मी' न्हाई, 'फिदवी' म्हणायचं असतंय, म्हणजे ताबेदार. सांगितलं, "फिदवी अकरा वर्षं चाकरी करायलाय. यादीत दिगंबरला पहिला आन फिदवीला शेवटचा लावणं हा उघड जुलूम हाय. दिगंबरनं दोन वर्षांत जे केलं, ते फिदवीनं पहिल्या सहा महिन्यांत करून दाखवलं. या बाबतीत सबंध तालुक्यात फिदवीची बरोबरी करणारा कुणी न्हाई. तरी पहिला नंबर फिदवीला द्यावा." अर्जीनवीस मधीच म्हणला, "माणिकराव, मामला क्या है?" मी म्हणलं, "इज्जतीचा. तू लिही."

अर्जी घेऊन तहसीलदारसाहेबापुढं उभा राहिलो. साहेबानं एकदा वाचली. दुसऱ्यांदा वाचली.

"माणिकराव, तबीयत ठीक है?"

"एकदम, सरकार."

"पहला नंबर आपको चाहिए? आपको?"

"हक़ है, सरकार. खैरात न्हाई मागायलो."

"और दिगंबर?"

"इस काम में वो मेरे सामने बच्चा है!"

हमीदमियाँ वाकून साहेबाच्या कानात कायतरी पुटपुटले. साहेबाचा चेहराच पालटला. ते खुर्चीतून उठले, आन तहसीलदारानं, ऐका बरं, तहसीलदारानं, कारकुनाचा हात हातात घेतला! म्हणले, "इतने साल की नौकरी में ऐसा आदमी नहीं देखा. मंज़ूर. परभणी आप ही जाइए."

माझी छाती सदऱ्यात माविना. बघा, भांडल्याबिगर काही मिळत न्हाई या जगात! खोलीवर आलो, बोरीला निरोप धाडला आन सगळ्या कचेरीला पेढे वाटले. दिगंबरनं दोन पेढे खाल्ले.

परभणीची मोटार बोरीवरूनच जायची. बोरीला थांबली तर अर्धं गाव सडकेला! हलगी वाजायली, पाटलानं हार घातला, कुणी म्हणालं "गिरदावरसाब, आमच्याकडं बी ध्यान असू द्या". बायको दोन्ही पोरींला घेऊन आलती. हळूच म्हणली, "समोरची भिंत बी पोतारली बरं का. आता पिठलं बास झालं तुमचं." धाकटी माझ्या पायाला बिलगली, सोडायलाच तयार न्हाई. डोळ्यात पाणी आलं हो माझ्या.

परभणीत तालुकदारसाहेबापुढं पेशी झाली. साहेब मोठे शिस्तीचे. त्यांनी माझ्या पगडीकडं बघितलं, मग गळ्यातल्या हाराकडं. हार मी काढलाच नव्हता. का काढावा?

"ये हार किसने डाला?"

"बोरीवालों ने, सरकार. पूरा गाँव खुश है."

"खुश है?" साहेबानं भुवई चढवली आन माझी अर्जी उचलली. "'पूरे तालुके में मेरी बराबरी का कोई नहीं.' ये आपने लिखवाया?"

"एकेक लफ़्ज़ सच है, सरकार."

"'जो दिगंबर ने दो साल में किया, वो फिदवी ने पहले छह महीने में कर दिखाया.'"

"चार महीने बी लिखवा सकता था, सरकार. लेकिन झूठ कायको बोलूँ?"

साहेबाच्या बाजूला बसलेला कारकून एकदम खोकलायला लागला. साहेब म्हणले, "और आगे भी यही इरादा है?"

"मरते दम तक, सरकार! बस, बोरी भेज दीजिए. वहाँ इसका दुगना करके दिखाऊँगा."

साहेबानं अर्जी खाली ठेवली. मग भिंतीवरच्या त्या यादीची, त्याच यादीची, नक्कल माझ्या हातात दिली. "ऊपर क्या लिखा है, पढ़िए."

मी यादी लांब धरली. भुवया चढवल्या. "हं..." केलं, आन थांबलो, कुणीतरी बोलंल म्हणून. साहेब बी थांबले. कारकून बी थांबला. मी पुन्हा म्हणलं, "हं..." कुणी बोलंना! घाम सुटला. हारातली फुलं एकेक करून साहेबाच्या सतरंजीवर पडायली. अकरा वर्षांत पहिल्यांदा असा माणूस भेटला जो माझ्यापेक्षा जास्त वेळ गप बसू शकत होता.

शेवटी साहेबानं कारकुनाला खूण केली. त्यानं घसा खाकरून वाचलं, "तहसील जिंतूर के अहलकारों की बकाया मिसलों की फ़ेहरिस्त. जिसका काम सबसे ज़्यादा बाकी, उसका नाम सबसे पहले."

ऐकलं का? आळशांची यादी! सगळ्यात आळशी त्याचा नंबर पहिला! आन या नंबरासाठी मी अर्जी केली, पेढे वाटले, गावाकडून हलगी वाजवून घेतली! धरणी दुभंगावी म्हणतात ना? परभणीची जमीन काळी, भेगाळ, पण त्या दिवशी एक भेग पडली न्हाई.

साहेब हसले न्हाईत. हसले असते तर बरं झालं असतं. अर्जी माझ्या हातात परत दिली आन म्हणले, "इल्ज़ाम से बचने के लिए लड़नेवाले रोज़ आते हैं. इल्ज़ाम के लिए लड़नेवाला पहली बार देखा. इसे घर ले जाइए. और शिकस्ता सीखिए." दार लावून घेतलं तवा आतून दोघांचं हसणं ऐकू आलं.

परत येताना बोरी लागणार होती. हलगी तर लांबूनच ऐकू यायली. मी काय केलं असंल? मोटारीत मागं मिरच्यांची पोती होती, त्यांच्या मधी जाऊन आडवा झालो. वर उपरणं ओढलं. नाकात मिरची, बाहेर हलगी, आन शिंक आली तर सगळी इज्जत सडकेवर. बायकोचा आवाज आला, "आमचे न्हाई आले का हो?" डायव्हर देवमाणूस. म्हणला, "हुकूम घेऊनच येतो म्हणले." मग धाकटी म्हणली, "म्हणजे पाव्हणे उद्या येणार?" ते काळजाला लागलं, आन तेवढ्यात शिंक बी आली. डायव्हरनं भोंगा वाजवला म्हणून वाचलो.

जिंतूरला आलो, म्हणलं आता खरं काय ते सांगून टाकू. तर कचेरीच्या दारातच हमीदमियाँनं मिठी मारली. "माणिकराव, लड़के की नई शादी हुई, इस वास्ते उसकी बला अपने सिर ली! आप आदमी नहीं, फ़रिश्ता हैं!" तवा मला कळालं, त्या दिवशी साहेबाच्या कानात काय गेलं होतं ते. दिगंबर मागं हात जोडून उभा. गफूरभाई डोळे पुसायला. आता या माणसांना सांगू, की मी फरिश्ता-बिरिश्ता काही न्हाई, मला साधी यादी वाचता येत न्हाई?

मी म्हणलं, "हं..."

बस! तिथं माझं वाटोळं झालं. फरिश्ता झालो ना मी! फरिश्त्यानं शिकस्ता शिकायला कुणाकडं जावं? ज्याला विचारीन तोच म्हणणार, मग अकरा वर्षं काय वाचत होता? गेलोच न्हाई.

पंधरा-वीस दिवस झाले, आन त्याच भिंतीवर पुन्हा यादी लागली. तेच शिकस्ता, तेच मुंगळे, तीच पाच नावं. पहिलं दिगंबरचं. माझं दुसरं. दुधानं पोळलेला माणूस ताक बी फुंकून पितो. मी नुसता हसलो. म्हणलं, लागली आळशांची यादी! पण माझं दुसरं कसं? मेजावर एक चिटोरं बाकी न्हाई, आन दुसरा नंबर? पुन्हा अन्याय! पण या डाव डोकं थंड ठेवलं. अर्जी न्हाई, भांडण न्हाई.

हमीदमियाँ कागद घेऊन आले. "माणिकराव, ये फ़ेहरिस्त पर कोई एतराज़? आठ दिन की मुद्दत है."

"एतराज़? बिल्कुल नहीं! दिगंबर पहला, एकदम ठीक. इसमें उसका हाथ कोई नहीं पकड़ सकता."

"और आपका नाम?"

"मेरा नाम निकाल ही दीजिए. मेरा उससे क्या वास्ता?"

हमीदमियाँनं कागद मागं ओढला. "निकाल दूँ? सोच लो माणिकराव. फिर मौक़ा नहीं आएगा."

"लाओ, लिखके देता हूँ." आन दिलं की लिहून! माझी हरकत न्हाई, नाव काढून टाकावं. खाली सही ठोकली.

दिगंबर पुन्हा आला. पुन्हा डोळे भरलेले, पुन्हा पाय धरले. "काका, एकदा केलं ते समजू शकतो. पण हे बी?" मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "जा बाळा, जा. या डाव तुझी पाळी. हार मात्र घालून जाऊ नको."

पंधरवड्यानं बोरीहून बायकोचा निरोप आला. दोनच वाक्यं होती. 'नवे गिरदावर दिगंबरराव घोडीवरून आले, पाया पडून गेले, म्हणले सगळं काकांच्या कृपेनं. तुमी काय करून बसलाव?'

धावत हमीदमियाँकडं गेलो. त्यांनी शांतपणे सांगितलं. ती गिरदावरीची यादी होती. साहेबाचं म्हणणं असं, की माणिकराव गेला तर कचेरीचं काम कोण करणार? दिगंबर गेला तर कुणाचं काय अडतंय? म्हणून त्याला वर घातला! ऐकलं? काम करणारा कामाचा, म्हणून त्याला तिथंच डांबा, आन निकामी माणसाला घोडी द्या! "लेकिन नौकरी आपकी पुरानी थी," हमीदमियाँ म्हणले, "एक एतराज़ आता तो साहब को आपका नाम ऊपर लेना ही पड़ता. आपने लिखके दिया, फिर भी हम आठ दिन राह देखते रहे. आप बदनामी की यादी पे इतना लड़े, तरक़्क़ी की यादी पे तो कचेरी सिर पे उठाते, ऐसा समझे हम."

नोकरी संपेपर्यंत पिठलं खाल्लं मी जिंतूरला. दिगंबरनं मागं ठेवलेल्या मिसली मरमर निस्तरल्या, 'ये भी' ऐकत. आता सांगा, अन्याय झाला का न्हाई? झालाच! मी आजबी छातीवर हात ठेवून म्हणतो, झालाच! पण दाद कुणाकडं मागू? त्या कागदाखाली सही माझीच. आन ती बी मराठीत, ठळक, वळणदार, कुणालाबी वाचता यावी अशी.